ठराव मांडणाऱ्या बाया : दलित स्त्रियांच्या चळवळीचा पूर्वार्ध

महाराष्ट्रातील दलित स्त्रीच्या लिखित बोलण्याची सुरुवात एका शाळकरी निबंधापासून होते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. वेदांवर ज्यांचा अधिकारच नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिने विचारलेला प्रश्न पुढे अनेकांनी उचलला. त्याच निबंधात, घरावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे थंडीपावसातले हालही तिने लिहिले आहेत. त्यांचा उल्लेख मात्र फारसा कोणी करत नाही. जातीचे दुःख बाईच्या वाट्याला वेगळ्या रीतीने येते, ही जाणीव चौदा वर्षांच्या या मुलीला होती.

त्यानंतर बराच काळ हा आवाज कागदावर फारसा उमटत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकातून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. नवसापोटी खंडोबाला वाहिलेल्या या मुली बहुतेक अस्पृश्य घरांतल्या असत. देवाच्या नावाने त्यांचे लग्न लागे, आणि व्यवहारात गावातल्या धनवंतांना त्या सहज उपलब्ध होत. प्रथा धर्माची, लाभ वरच्या जातींचा आणि बदनामी मात्र त्या मुलीच्या जातीची, असा हा हिशेब होता. त्यामुळे मुरळीचा प्रश्न दलित चळवळीत पहिल्यापासूनच समाजाच्या अब्रूचा प्रश्न म्हणून आला. त्या बाईच्या पोटापाण्याचा विचार मागाहून झाला, तोही अपुरा. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कामाठीपुरा या वेश्यावस्तीतील स्त्रियांपुढे भाषण केले; त्यांत मुरळ्याही होत्या. समाजाबरोबर यायचे असेल तर हा धंदा सोडा, असे त्यांनी तिथे स्पष्ट बजावले.

चळवळीत स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या त्या महाडला सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या सत्याग्रहापासून. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर आंबेडकरांनी जमलेल्या बायांशी वेगळा संवाद साधला. मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजवू नका, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून जात ओळखू येते, तेव्हा ती पद्धत सोडा, असेही ते म्हणाले. अस्पृश्य बायांनी लुगडे आखूड, गुडघ्यापर्यंतच नेसावे आणि कथलाचे, पितळेचे जड दागिने घालावेत, अशी रीत होती. घोट्यापर्यंत नेसणे हा वरच्या जातींचा मान समजला जाई. सभेनंतर लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या कायस्थ घरांतल्या स्त्रियांनी कित्येकींना तसे लुगडे नेसवून दाखवले. या प्रसंगाकडे सवर्णांचे अनुकरण म्हणून पाहणारे पुढे निघाले. पण त्यांच्या हातून मूळ मुद्दाच निसटतो. अंगावरचे वस्त्र हेच जातीचे कुंपण असेल, तर ते ओलांडण्याची पहिली पाळी बाईवरच येणार होती, आणि गावात परतल्यावर त्याचा रोषही तिनेच सोसायचा होता.

१९३० च्या काळाराम मंदिर-प्रवेशाच्या सत्याग्रहात स्त्रियांच्या तुकड्या नाशकात उभ्या राहिल्या. विदर्भात या काळात शिक्षणाचे काम जोरात होते. नागपूरच्या जाईबाई चौधरी आधी हमाली करत. एका मिशनरी बाईच्या मदतीने त्या शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य शिक्षिका नको, अशी तक्रार झाली आणि ती नोकरी गेली. त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळाच काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा जाईबाईंना आणि त्यांच्या सोबतिणींना जेवायला वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या समतेसाठी भरलेल्या परिषदेची ही पंगत होती. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी नागपुरातील दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली आणि आपली संघटना आपणच उभारायची हा विचार तिथे बळावला.

त्याचे फळ २० जुलै १९४२ रोजी दिसले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाची स्थापना झाली त्याच नागपूर अधिवेशनात दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. उपस्थित स्त्रियांची संख्या सुमारे २५,००० सांगितली जाते. परिषदेत झालेल्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क होता, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी होती, कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत राखीव जागा होत्या, मुलींसाठी सरकारी वसतिगृहेही होती. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथील कामकरी बायांसाठी पगारी रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागण्यात आले. गिरणीत बायांवर पुरुष मुकादम नको, बाईच हवी, ही मागणी तर खात्यात रोज काय सोसावे लागते हे ठाऊक असणारीच करू शकत होती. घटस्फोट आणि एकपत्नीत्व कायद्यात आणू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावरचा मोठा वाद अजून पुढे होता. घटस्फोट आणि मुकादम एकाच यादीत बसवणारी दुसरी स्त्री-परिषद त्या काळात शोधणे अवघड जाईल.

१९५६ च्या बौद्ध धर्मांतरात आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने होत्या. सत्याग्रहात कित्येकी मुलांसह तुरुंगात गेल्या. रिपब्लिकन पक्षाच्या समित्यांत मात्र त्या क्वचितच दिसत. नाशिकच्या शांताबाई दाणी विधान परिषदेपर्यंत पोहोचल्या, हा अपवाद.

घराच्या आत काय चालले होते, हे लिहिले गेले ते आत्मकथनांतून. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध होऊन १९८६ मध्ये ‘जिणं आमचं’ या पुस्तकरूपाने आले. गावाने महारांना राबवले, आणि महारवाड्याने आपल्या सुनांना राबवले, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. सासरहून पळालेल्या पोरीच्या पायात लाकडी खोडा घालत, हे वर्णन चळवळीतल्या पुरुषांना वाचणे कठीण होते. शांताबाई कांबळे, कुमुद पावडे यांची पुस्तकेही याच दशकातली.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वयस्क कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि जुनी वृत्तपत्रे चाळून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. १९४२ ची परिषद त्यामुळेच विस्मरणातून वर आली. १९९५ मध्ये दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरला भरलेल्या दलित स्त्रियांच्या परिषदेने, मनुस्मृती जळाली तो २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळावा, अशी मागणी केली. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी या घडामोडींची सैद्धान्तिक मांडणी केली. सवर्ण स्त्रीचे अनुभव म्हणजे सगळ्या स्त्रियांचे, आणि पुरुषाचे अनुभव म्हणजे सगळ्या दलितांचे, हे दोन्ही गृहीत त्यांनी वादात ओढले.