तक्रार निवारणाच्या पुढे काय? आयटी सपोर्टमधून वरची पायरी गाठताना

माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचे नाव घेतले की संगणकासमोर बसून प्रोग्रॅम लिहिणारा सॉफ्टवेअर इंजिनीअर डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात या क्षेत्राचा दरवाजा अनेक तरुणांसाठी वेगळ्याच ठिकाणी उघडतो. पदविका, बी.एस्सी., बीसीए किंवा हार्डवेअर-नेटवर्किंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला उमेदवार हिंजवडी, ऐरोली किंवा अंधेरीतील एखाद्या कार्यालयात ‘डेस्कटॉप सपोर्ट इंजिनीअर’ वा ‘हेल्पडेस्क एक्झिक्युटिव्ह’ म्हणून रुजू होतो. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरला, ई-मेल उघडत नाही, अशा तक्रारी सोडवणे हे त्याचे काम. प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक मिळतो. त्याला ‘तिकीट’ म्हणतात. दिवसभरात किती तिकिटे बंद झाली, यावर त्याचे काम मोजले जाते.

पहिली नोकरी म्हणून हे काम उत्तमच आहे. अडचण सुरू होते ती दोन-तीन वर्षांनंतर. काम तेच, पाळी तीच आणि पगारात नाममात्र वाढ. त्यातच पासवर्ड स्वतः बदलण्याची सोय आणि संगणकीय मदतनीस यांमुळे अगदी प्राथमिक तक्रारी आता माणसापर्यंत पोहोचण्याआधीच मिटू लागल्या आहेत. म्हणजे ज्या पायरीवर उमेदवार उभा आहे, तीच हळूहळू अरुंद होत चालली आहे. अशा वेळी नुसती वर्षे मोजून बढती मिळत नाही. तक्रार मिटवणारा आणि तक्रारीचे कारण शोधणारा यांत फरक आहे, आणि वरच्या पदासाठी निवड होते ती दुसऱ्याची.

कामाच्या तीन पातळ्या

मोठ्या कार्यालयांत सपोर्टची रचना साधारणपणे तीन पातळ्यांची असते. पहिली पातळी तक्रार नोंदवते आणि ठरावीक उपाय करून पाहते. दुसरी पातळी प्रत्यक्ष संगणक, सर्व्हर वा नेटवर्क तपासून बिघाड दुरुस्त करते. तिसऱ्या पातळीवर त्या त्या विषयातील तज्ज्ञ असतात. सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस किंवा सुरक्षा यांची रचना आणि बदल त्यांच्या हाती असतात.

या कामाची जी परिभाषा आज जगभर वापरली जाते, ती ‘आयटिल’ या कार्यपद्धतीतून आली. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागात तिचा उगम झाला आणि तिची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली. ‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ हा भेद आयटिल स्पष्टपणे करते. सेवा खंडित झाली तो इन्सिडंट. ती ज्या कारणाने पुन:पुन्हा खंडित होते तो प्रॉब्लेम. पहिल्या पातळीचा कर्मचारी इन्सिडंट मिटवतो. त्याने प्रॉब्लेमकडे पाहायला सुरुवात केली की वरच्या पातळीच्या कामात त्याचा प्रवेश झालाच म्हणून समजावे.

एक नेहमीचे उदाहरण

एखाद्या कर्मचाऱ्याचे लॉगिन खाते वारंवार लॉक होते. पहिल्या पातळीवर ते उघडून दिले जाते आणि तिकीट बंद होते. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याला अशी वीस तिकिटे बंद झाली तर कागदावर काम चांगले दिसते. परंतु कर्मचाऱ्याचा वेळ वाया जातो आणि कारण तसेच राहते.

कारण शोधणारा वेगळी वाट धरतो. विंडोजच्या डोमेन कंट्रोलरवर सुरक्षा नोंदी असतात. खाते लॉक झाले की तेथे ४७४० क्रमांकाची नोंद पडते आणि चुकीचा पासवर्ड कोणत्या यंत्रावरून आला, हे त्यातून बहुतेक वेळा कळते. पासवर्ड बदलल्यानंतर जुना पासवर्ड मोबाइलमधील ई-मेलमध्ये, एखाद्या जोडलेल्या ड्राइव्हमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावरील उघड्या सत्रात तसाच राहिलेला असतो. तो काढला की तिकिटे येणे थांबते. पहिल्या पातळीच्या कर्मचाऱ्याला या नोंदी पाहण्याचा अधिकार नसेल, तर त्याने वरच्या सहकाऱ्याला योग्य माहितीसह विनंती करावी आणि काय निष्पन्न झाले ते समजून घ्यावे. नंतर अर्ध्या पानाची टिपणी तयार करून ती विभागाच्या माहितीसंग्रहात ठेवावी. अशा दहा-बारा टिपणींवर ज्याचे नाव असते, त्याची ओळख वरिष्ठांना करून द्यावी लागत नाही.

पाया पक्का हवा

वरच्या पदाच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न साधा असतो : ‘वापरकर्त्याचे इंटरनेट चालत नाही, तुम्ही काय कराल?’ ‘संगणक बंद करून पुन्हा सुरू करीन’ हे उत्तर पहिल्या पातळीचे झाले. परीक्षकाला क्रम ऐकायचा असतो. आधी केबल वा वाय-फाय. मग संगणकाला पत्ता मिळाला आहे का? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही, असा अर्थ होतो. पत्ता ठीक असेल तर गेटवेपर्यंत पोहोचता येते का? क्रमांकाने संकेतस्थळ गाठता येते, पण नावाने येत नसेल, तर दोष डीएनएसमध्ये. एकच व्यक्ती अडली आहे की संपूर्ण मजला, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारायला हवा.

नेटवर्कचे मूलतत्त्व, विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, लिनक्सची प्राथमिक आज्ञावली आणि थोडे स्क्रिप्टिंग, एवढा पाया कोणत्याही दिशेला जायचे असले तरी आवश्यक आहे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली पॉवरशेल ही भाषा यासाठी सोयीची आहे. पन्नास नव्या कर्मचाऱ्यांची खाती हाताने उघडण्यात दिवस जातो. पॉवरशेलच्या काही ओळींत ते काम काही मिनिटांत होते. मात्र अशी स्क्रिप्ट प्रथम चाचणी यंत्रणेवर आणि परवानगी घेऊनच चालवावी. चालू यंत्रणेवर परस्पर केलेला प्रयोग नोकरीवर बेतू शकतो.

चार मार्ग

पहिला मार्ग सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनचा. सर्व्हर, बॅकअप, व्हर्च्युअल यंत्रे आणि पुढे क्लाऊड, असा हा प्रवास आहे. डेस्कटॉप सपोर्टच्या कामाला तो सर्वांत जवळचा.

दुसरा मार्ग नेटवर्कचा. स्विच, राउटर, फायरवॉल यांची जोडणी आणि देखभाल यात येते. ज्यांना सर्व्हर रूममधील केबलच्या जंजाळाचा कंटाळा येत नाही, त्यांना तो मानवतो.

तिसरा मार्ग सायबर सुरक्षेचा. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत देणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. त्या नोंदी वाचून संशयास्पद हालचाल ओळखणारी माणसे त्यासाठी लागतात. सुरक्षा निरीक्षण केंद्रातील पहिल्या फळीचा विश्लेषक, हे पद सपोर्टमधून येणाऱ्यांच्या आवाक्यातील आहे. मात्र पाळीची नोकरी येथेही सुटत नाही.

चौथा मार्ग सेवा व्यवस्थापनाचा. संवादकौशल्य, लेखन आणि माणसे सांभाळण्याची हातोटी असणाऱ्यांना टीम लीड, सर्व्हिस डेस्क मॅनेजर ही पदे खुणावतात. तांत्रिक ज्ञान येथेही लागते. ते नसलेला लीड सहकाऱ्यांचा विश्वास गमावतो.

यांपैकी एकच मार्ग निवडून किमान वर्षभर त्यावर टिकणे महत्त्वाचे. दर तीन महिन्यांनी नवा अभ्यासक्रम सुरू करणाऱ्याच्या हाती शेवटी पावत्याच उरतात.

प्रमाणपत्रे : किती आणि कोणती?

एकेकाळी नोकरीच्या जाहिरातींत ‘एमसीएसई’ हे नाव सर्रास असे. मायक्रोसॉफ्टने ही परीक्षा ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली आणि तिची जागा कामाच्या भूमिकेनुसार आखलेल्या प्रमाणपत्रांनी घेतली. तरीही काही ठिकाणी जुन्या नावाने वर्ग भरवले जातात. शुल्क भरण्यापूर्वी परीक्षा अद्याप अस्तित्वात आहे का, हे संबंधित कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे.

नेटवर्कसाठी सिस्कोची सीसीएनए, लिनक्ससाठी रेड हॅटची आरएचसीएसए आणि क्लाऊडसाठी मायक्रोसॉफ्ट अॅझ्युअर वा ॲमेझॉनची असोसिएट पातळीची प्रमाणपत्रे प्रचलित आहेत. सीसीएनए आणि आरएचसीएसए यांची मुदत तीन वर्षांची असते. आरएचसीएसएची परीक्षा पूर्णतः प्रात्यक्षिक असल्याने तिला पाठांतर चालत नाही, आणि म्हणूनच तिला मान आहे. फुटलेले प्रश्नसंच पाठ करून मिळवलेले प्रमाणपत्र मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते.

सरावासाठी महागडी सामग्री लागत नाही. १६ जीबी मेमरी असलेल्या जुन्या संगणकावर ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर घालून दोन-तीन आभासी यंत्रे चालवता येतात. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस वापरता येते, लिनक्स विनामूल्य आहे आणि सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ही मोफत मिळते. क्लाऊडचा सराव करताना मात्र खर्चाची मर्यादा ओलांडताच इशारा मिळेल, अशी व्यवस्था आधी करून ठेवावी. विसरून चालू ठेवलेले यंत्र महिन्याअखेर मोठे बिल आणू शकते.

पदवी नसलेल्या उमेदवारांनी तीही पूर्ण करून घ्यावी. अनेक कंपन्यांच्या निकषांत पदवी अजूनही लिहिलेली असते. नोकरी सांभाळून शिकण्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) यांचे पर्याय आहेत.

संकटात दिसते ती किंमत

१९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. निळ्या पडद्यावर अडकलेल्या यंत्रांपैकी असंख्य यंत्रे सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल हाताने काढावी लागली. ज्या संगणकांवर ‘बिटलॉकर’चे कुलूप होते, त्यांसाठी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. या किल्ल्यांची नोंद कुठे आहे, कोणते यंत्र आधी सुरू व्हायला हवे, हे सांगू शकणारा सपोर्ट इंजिनीअर त्या दिवशी कार्यालयाचा आधार होता.

अशी संकटे रोज येत नाहीत. बदलाची कामे मात्र सतत चालू असतात. विंडोज १०चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि त्यानिमित्त ठिकठिकाणी स्थलांतराची कामे निघाली. कार्यालयाचे स्थलांतर, सर्व्हर बदल, ई-मेल यंत्रणेतील बदल अशा वेळी स्वतःहून पुढे व्हावे. एका शनिवार-रविवारी वरच्या पातळीच्या सहकाऱ्यासोबत केलेले असे काम अनेक महिन्यांच्या तिकिटांपेक्षा अधिक शिकवते.

दोन मालकांची नोकरी

सपोर्टमधील अनेकांच्या गळ्यातील ओळखपत्राची फीत एका कंपनीची आणि वेतनचिठ्ठी दुसऱ्याच कंपनीची असते. काम पाहतो ग्राहक कंपनीचा व्यवस्थापक. पगार ठरवते मनुष्यबळ पुरवणारी संस्था. केलेल्या कामाचे चीज होत नाही, ते बऱ्याचदा या फटीमुळे. अशा उमेदवाराने ग्राहक कंपनीकडून आलेली कौतुकाची पत्रे जपून ठेवावीत आणि वार्षिक आढाव्यात आपल्या संस्थेपुढे ठेवावीत. ग्राहक कंपनीत थेट नोकरी स्वीकारण्यावर करारात बंधन आहे का, नोटीस पिरिअड किती आहे आणि भविष्यनिर्वाह निधी नियमित जमा होतो का, हेही तपासून पाहावे. वर्षभरात अंतर्गत बदलाची कोणतीच शक्यता दिसत नसेल, तर बाहेर अर्ज करण्यात संकोच बाळगू नये. मात्र नवे नियुक्तिपत्र हाती पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

अर्जात ‘डेस्कटॉप सपोर्टचा चार वर्षांचा अनुभव’ एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. किती वापरकर्ते होते, कोणती तक्रार कायमची थांबवली, कोणते काम स्क्रिप्टने सोपे केले, हे आकड्यांसह लिहावे. आकडे खरेच हवेत. अनुभवाचे बनावट दाखले देणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहिलेले बरे. नियुक्तीपूर्व पडताळणीत भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून पूर्वीच्या नोकऱ्यांचा इतिहास तपासता येतो आणि खोटेपणा उघड झाल्यास मिळालेली नोकरीही जाते.

वर्षभराचा आराखडा

पहिल्या तिमाहीत आपल्याकडे आलेल्या तिकिटांची वर्गवारी करावी आणि सर्वाधिक वेळा येणाऱ्या पाच तक्रारींची कारणे शोधावीत. दुसऱ्या तिमाहीत मार्ग निवडून घरच्या संगणकावर सराव सुरू करावा. तिसऱ्या तिमाहीत एका प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी आणि कार्यालयात एखाद्या बदलाच्या कामात सहभाग मागावा. चौथ्या तिमाहीत वरिष्ठांशी बढतीबाबत स्पष्ट बोलावे आणि सोबत बाहेरच्या मुलाखतीही द्याव्यात.

रात्रपाळी करून आलेल्या तरुणाला रोज तीन तास अभ्यास करा असे सांगणे सोपे, पण पाळणे कठीण. रोजचा एक तास, तोही झोपेतून न कापता, पुरेसा आहे. घरच्यांनीही तो तास जपायला हवा. कारण महिन्याच्या हप्त्यांची चिंता जशी त्याची, तशी त्यांचीही असते. सपोर्टच्या खुर्चीत बसलेल्याला कार्यालयातील प्रत्येक यंत्रणेचे दुखणे माहीत असते. त्या दुखण्याचे मूळ शोधण्याची सवय लागली, की हेच काम पुढच्या पदाची शिदोरी ठरते.