चौदा सेकंदांचा हिशेब

शाळेत असताना मी इतका किडमिडीत होतो, की मधल्या सुट्टीत माझा डबा मीच खाल्ला असे आठवड्यातून फार तर दोनदा घडे. उरलेल्या दिवशी तो वर्गातल्या एका धिप्पाड मुलाच्या पोटात जाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा आले, तेव्हा आईने हे गाऱ्हाणे त्यांच्या कानावर घातले. दुसऱ्या कोणी मला तालमीत धाडले असते. मामांनी गोष्ट सांगितली.

"अरे, अमेरिकेत डेम्प्सी म्हणून एक मुष्टियोद्धा होता. एका गुद्द्यात माणूस आडवा करी. दुसरा होता टनी. तो पुस्तके वाचायचा. दोघांची गाठ पडली. कोण जिंकला असेल?"

मी अर्थातच टनीचे नाव घेतले. नाहीतर मामांनी गोष्ट कशाला सांगितली असती? पण गोष्टीत एक अवघड जागा होती. टनी एकदा खाली पडतो. पडलेला माणूस पंचाने दहा म्हणायच्या आत उठला नाही, तर तो हरला. मामा मला सतरंजीवर बसवीत आणि बोटांवर मोजू लागत: एक... दोन... तीन... नऊ म्हणताच माझे बखोट धरून मला उभा करीत. मामांच्या लहानपणी या लढतीची वार्ता वर्तमानपत्रांतून आली होती. तीच त्यांनी जन्मभर जपून ठेवली होती.

त्या टनीच्या आधारावर मी शाळेची उरलेली वर्षे काढली. डबा परत मिळाला असे नाही. पण शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे वाक्य फळ्यावर दिसले की मला गुदगुल्या होत. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांवर पुतण्याने आपल्या मोबाइलवर त्या लढतीची जुनी फिल्म लावून दिली. मी मनगटावरचे घड्याळ काढून हाती घेतले. तेव्हापासून माझ्या मनाची जी चुळबुळ चालू झाली आहे, ती या लेखाला कारण आहे.

जॅक डेम्प्सीचे पाळण्यातले नाव विल्यम हॅरिसन. कोलोरॅडोतल्या मनासा या लहानशा गावी तो १८९५ साली जन्मला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. मिसरूड फुटते न फुटते तोच तो घराबाहेर पडला आणि आगगाडीच्या डब्याखालच्या दांड्यांना लटकून खाणींच्या गावांतून हिंडू लागला. दारूच्या गुत्त्यात शिरायचे, आहे का कोणी माझ्याशी दोन हात करणारा म्हणून विचारायचे, आणि जिंकल्यावर जमलेल्या मंडळींपुढे टोपी फिरवायची, हा त्याचा चरितार्थ. चेहऱ्याची कातडी चिवट व्हावी म्हणून तो ती खारवणीच्या पाण्याने भिजवी, आणि जबडा घट्ट व्हावा म्हणून पाइनच्या झाडाचा डिंक चघळी.

४ जुलै १९१९ रोजी टोलेडो गावी त्याची गाठ जगज्जेत्या जेस विलर्डशी पडली. विलर्डची उंची साडेसहा फुटांवर, वजन २४५ पौंड. डेम्प्सी १८७ पौंडांचा. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला आणि तिसरी फेरी संपल्यावर आपल्या जागेवरून उठलाच नाही. वाचकांनी या लढतीतली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. विलर्ड खाली पडला की डेम्प्सी त्याच्या डोक्याशी उभा राही, आणि त्याचे गुडघे जमिनीवरून सुटताच पुन्हा ठोसा लगावी. त्या काळी याला मनाई नव्हती.

१९२३ साली अर्जेंटिनाचा फिर्पो त्याच्यापुढे उभा राहिला. त्याही वेळी तोच प्रकार. सात वेळा फिर्पो पडला. पण मध्येच त्याने डेम्प्सीला असा काही तडाखा दिला, की स्वारी दोरांमधून थेट रिंगच्या बाहेर, वार्ताहरांच्या अंगावर! त्यांनीच त्याला आत ढकलला. दुसऱ्या फेरीत एक मिनिट होण्यापूर्वी फिर्पोचा निकाल लागला. जॉर्ज बेलोज या चित्रकाराने पुढच्या वर्षी या लढतीचे प्रसिद्ध चित्र काढले. त्यात जिंकलेला डेम्प्सी उताणा बाहेर पडताना दिसतो आणि हरलेला फिर्पो ताठ उभा आहे.

हे सारे वाचून डेम्प्सी म्हणजे नुसता रानदांडगा, अशी समजूत होते. माझीही होती. फिल्म नीट पाहिल्यावर ती राहत नाही. तो अंग चोरून, वाकून, डोके या खांद्याकडून त्या खांद्याकडे झुलवीत आत शिरतो. त्यामुळे समोरच्याला नेम धरता येत नाही. ठोसा मारताना नुसता हात जात नाही; पुढच्या पायावर झोकून दिलेल्या साऱ्या देहाचे वजन मुठीतून जाते. १९५० साली त्याने या विद्येवर पुस्तक लिहिले, त्यात हे पाऊल कसे टाकावे ते एखाद्या शिक्षकाच्या चिकाटीने समजावून दिले आहे. ज्याला आपण अचाट शक्ती म्हणतो, तीही कोणीतरी बसून घोटलेली असते.

जीन टनी १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आधी एका जहाज कंपनीत कारकून, मग पहिल्या महायुद्धात मरीन दलात शिपाई. तिथल्या सैनिकांच्या सामन्यांत त्याने नाव मिळवले. १९२२ साली हॅरी ग्रेब नावाच्या, वजनाने त्याच्याहून हलक्या पण विलक्षण चपळ माणसाने त्याला पंधरा फेऱ्या रक्तबंबाळ केले. पहिल्या फेरीतच नाक मोडले होते. टनी आयुष्यात हरला तो एवढाच. दुसरा कोणी ग्रेबचे नाव टाळता. टनीने त्याचा अभ्यास केला आणि पुढल्या वर्षी त्याच्याशी पुन्हा लढून त्याला हरवले. डेम्प्सीच्या लढतींच्या फिल्मही त्याने अशाच न्याहाळल्या, आणि त्याला दिसले की हा माणूस सरळ उजव्या ठोशाला सापडतो.

१९२६ साली लढतीच्या तयारीच्या मुक्कामावर एका वार्ताहराला तो सॅम्युअल बटलरची कादंबरी वाचताना आढळला. साऱ्या देशात हसू झाले. पुस्तक वाचणारा मुष्टियोद्धा!

इकडे डेम्प्सी तीन वर्षे लढलाच नव्हता. सिनेमात काम, नटीशी लग्न, जुन्या व्यवस्थापकाशी कोर्टकज्जे. या काळातली एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे: हॅरी विल्स हा कृष्णवर्णी मल्ल वर्षानुवर्षे त्याला आव्हान देत होता, आणि ती लढत कधी होऊ दिली गेली नाही. जॅक जॉन्सनने १९१५ साली अजिंक्यपद गमावल्यापासून गोऱ्या व्यवहाराने कृष्णवर्णीयांना हे दार लावूनच घेतले होते. शक्ती मोठी की कौशल्य, हा वाद घालताना, काही जणांना दोन्ही असून रिंगमध्ये पाऊलच टाकू दिले नाही, हे विसरू नये.

२३ सप्टेंबर १९२६. फिलाडेल्फिया. १,२०,५५७ प्रेक्षक आणि पावसाची झड. टनीने पहिल्याच फेरीत तो राखून ठेवलेला उजवा ठोसा मारला. तो गालफडावर जरा वर बसला, पण काम झाले. मग दहा फेऱ्या डावा हात सारखा तोंडावर, आणि डेम्प्सी जवळ येईपर्यंत टनी तिथे नसे. गुण मोजण्याची गरजच उरली नाही. डेम्प्सीचा एक डोळा पार मिटला होता. बायकोने विचारले, हे काय झाले? तो म्हणाला, अगं, वाकायलाच विसरलो. (१९८१ साली अध्यक्ष रेगन यांना गोळी लागली, तेव्हा त्यांनी पत्नीला हेच वाक्य ऐकवले.)

मामांची गोष्ट इथे संपली असती तर मला काही अडचण नव्हती. पण मामांनी ती दुसऱ्या लढतीपर्यंत नेली, आणि सतरंजीवर बसणे तिथेच येते.

दुसऱ्या लढतीचा हक्क मिळवण्यासाठी डेम्प्सीला जुलै १९२७ मध्ये जॅक शार्कीशी झुंजावे लागले. शार्की पुढे होता. सातव्या फेरीत त्याला वाटले की ठोसे कमरेखाली बसताहेत. तक्रार करायला त्याने पंचाकडे तोंड वळवले. तेवढ्यात डेम्प्सीच्या डाव्या हुकने त्याला झोपवले. ज्या माणसाच्या मुठीत असा गुद्दा असतो, त्याला एक क्षण पुरतो. आणि त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या कौशल्याला मात्र साऱ्या फेऱ्या, साऱ्या मिनिटांना जागे राहावे लागते.

२२ सप्टेंबर १९२७, शिकागो, सोल्जर फील्ड. लाखावर प्रेक्षक, तिकिटांचे उत्पन्न साडेसव्वीस लाख डॉलरांच्या वर. टनीचा वाटा ९,९०,००० डॉलरांचा होता. त्याने वरच्या रकमेचा चेक स्वतः देऊन ठेकेदाराकडून पुऱ्या दहा लाखांचा एकच चेक घेतला, अशी ती मौज. वजनात दोघांत जेमतेम तीन पौंडांचा फरक. रिंग वीस फुटांची होती, म्हणजे टनीच्या पायांना भरपूर जागा. आणि नियम असा, की ज्याने पाडले त्याने आधी दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जायचे. तो गेल्यावरच पंच मोजू लागेल. डेव्ह बॅरी या पंचाने लढतीपूर्वी दोघांना हे बजावले होते.

सहा फेऱ्या मागच्या वर्षीसारख्याच गेल्या. सातवीत दोरांजवळ डेम्प्सीचा उजवा हात लागला, मग डावा हुक, आणि टनी खाली घसरू लागला तसे आणखी ठोसे, एकापाठोपाठ. आयुष्यात प्रथमच टनी खाली बसला. फिल्ममध्ये तो चेहरा पाहून माझ्या हातातली चकली तशीच राहिली. डोळे उघडे, नजर कुठेच नाही, डाव्या हाताने दोर धरलेला, पाय दुमडलेला. माझा पुस्तकवाचा टनी.

आणि डेम्प्सी? तो विलर्डशी जसा उभा राहिला होता तसाच डोक्याशी उभा. पंच त्याला कोपरा दाखवतो आहे. तो जागचा हलत नाही. आठ वर्षे ज्या सवयीने त्याला जिंकवले, तीच आता त्याचे पाय धरून बसली. शेवटी तो गेला, आणि बॅरीने मोजायला आरंभ केला तो एकपासून. टनी नवाला उठला. माझ्या घड्याळात खाली बसल्यापासून उठेपर्यंत चौदा सेकंद झाले. इतरांचीही मोजणी साधारण इतकीच आहे.

उठल्यावर मात्र टनीने जे केले ते पाहण्यासारखे आहे. तो मागे, बाजूला, पुन्हा मागे असा गोल गोल सरकत राहिला. वैतागलेला डेम्प्सी थांबला आणि ये ना पुढे, लढ ना, असे हातांनी खुणावू लागला. टनी आला नाही. आठव्या फेरीत तो आला, आणि डेम्प्सीलाच खाली पाडले. या वेळी पंच लगेच मोजू लागला. टनी कोपऱ्यात पोचायची वाट त्याने पाहिली नाही. डेम्प्सी तत्काळ उठला, म्हणून त्याची चर्चा फारशी होत नाही. दहाव्या फेरीअखेर टनी गुणांवर विजयी झाला.

ते वाढीव सेकंद नसते तर? टनीचे म्हणणे असे की मी लवकरच शुद्धीवर आलो होतो. नियमाने मिळते तितका वेळ विश्रांती घेत बसलो. हवे तेव्हा उठलो असतो. पुतण्याने फिल्म थांबवून थांबवून दाखवली. पंच मोजू लागल्यावर टनीचे डोळे त्याच्याकडे वळतात, हे खरे. पण त्याआधीचे ते काही क्षण मी पाहिले आहेत, आणि त्या क्षणांत हा माणूस काही ठरवण्याच्या स्थितीत होता असे शपथेवर मी सांगणार नाही. उठला असता, असे मला वाटते. पाय त्याला दूर नेण्याइतके चालले असते का, हे मला वाटून उपयोग नाही. पुतण्याचे मत रोखठोक आहे: "काका, डेम्प्सी कोपऱ्यात गेला असता तर जिंकला असता." म्हणजे नियम लक्षात ठेवणे हेही कौशल्यच, असे मी म्हणालो. "हो, पण मग ते टनीचे कौशल्य कसे?" यावर मी करंजी घेतली.

लोकांचा न्याय उफराटा. अजिंक्यपद होते तोवर, महायुद्धात सैन्यात गेला नाही म्हणून डेम्प्सीची हेटाळणी झाली होती. १९२० साली खटलाही झाला आणि तो निर्दोष सुटला. हरल्यावर तो सगळ्यांचा लाडका झाला. ब्रॉडवेवर त्याचे उपाहारगृह १९७४ पर्यंत चालले. मरीन दलातून आलेला, जिंकणारा टनी लोकांना कधी फारसा आवडला नाही. १९२८ साली त्याने येल विद्यापीठात शेक्सपियरवर भाषण दिले, टॉम हीनीला हरवले आणि अजिंक्यपद हाती असतानाच निवृत्ती घेतली. बर्नार्ड शॉशी त्याचा स्नेह जमला. डेम्प्सीशीही पुढे चांगली मैत्री झाली. टनी १९७८ साली गेला, डेम्प्सी १९८३ साली.

मामाही आता नाहीत. ते सतरंजीवर मला बसवून मोजत, तेव्हा फार सावकाश मोजत. एक म्हणून थांबत, चष्मा पुसत, मग दोन म्हणत. मला ती गोष्ट रंगवण्याची तऱ्हा वाटे. त्या चौदा सेकंदांची वार्ताही त्या वेळी त्यांनी वाचली होती का, हे त्यांना विचारायचे राहून गेले.