मच्छ्याच्या रस्त्यावरची जीप

बेळगावहून खानापूरकडे निघालं की थोड्याच वेळात मच्छे लागतं. गोव्याला परतणारे आपण तिथे क्वचितच थांबतो. पण हाच रस्ता पुढे अनमोडला घाटात शिरतो, आणि १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेची ६३ वी ब्रिगेड अनमोडहूनच मोल्याला उतरली. मुक्तीच्या आठवणी सांगताना आपण विमानं आणि युद्धनौका मोजतो. जीप मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकन सैन्याच्या मागणीतून १९४० साली ती जन्मली. पहिला नमुना बॅंटम कंपनीचा, पण मोठं काम मिळालं विलिस आणि फोर्डला. (दुनियेची रीतच ती!) इंजिन २.२ लिटरचं, शक्ती जेमतेम ६० अश्वशक्ती. खरी करामत होती गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसमध्ये. ती शक्ती पुढच्या चाकांनाही देते आणि 'लो'मध्ये टाकली की चाकं हळू पण जोरकस फिरतात. पावसाळ्यात घाटाखालच्या लाल चिखलात अडकलेल्याला याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

ही जीप मुंबईत माझगावला जोडू लागले महिंद्रावाले. १९४५ साली कंपनीचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये नाव बदललं.

पुढे १९९४ साली पुण्याहून टाटा सुमो आली. नाव जपानी मल्लांवरून नव्हे, टाटांच्या सुमंत मुळगावकरांवरून! २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ आली. शिडीसारख्या सांगाड्यावर उभी, तरी आत गाडीचा आराम. जीपचा ग्राहक शेतकरी, खाणवाला, फौजदार. स्कॉर्पिओ मात्र शहरातल्या माणसाने हौसेने घेतली. डोंगर चढण्यासाठी घेतलेल्या कित्येक गाड्या मॉलच्या तळघरापलीकडे जात नाहीत, हे माझं मत कुणाला कडवट वाटेल.

मच्छे, उद्यमबाग हा बेळगावचा औद्योगिक पट्टा. बेळगावच्या फाउंड्र्यांत वाहनांसाठी बिडाचे सुटे भाग ओतले जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पाट्यांच्या भाषेवरून भांडणं होत राहिली. भट्टीतलं बीड मात्र साच्यात ओतलं जातं, थंड होतं, घासलं जातं आणि ट्रकमध्ये चढून बाहेर पडतं. कुठल्या गाडीत बसणार, ते ओतणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.