दिनविशेषात न बसणारे दिवस

शाळा-महाविद्यालयांच्या फळ्यावर रोज 'दिनविशेष' लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कंधारला आमच्या महाविद्यालयातही ती आहे. क्रिकेटच्या तारखा मुलांना तोंडपाठ असतात. 25 जून म्हटले की 1983 चा विश्वचषक. 17 डिसेंबर म्हटले की लाला अमरनाथ यांनी 1933 साली मुंबईत काढलेले शतक. मराठवाड्यातल्या माणसाला तारखेचे मोल निराळे सांगावे लागत नाही. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पाठोपाठ आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. तारीख ही रक्त सांडून मिळते, हे आपण पाहिले आहे. म्हणूनच प्रश्न असा की, दिनविशेषात कोणता दिवस चढवायचा, हे ठरवतो कोण?

एकाच संघाचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहू. हा संघ म्हणजे मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या आधाराने उभा राहिलेला हिंदूंचा क्रिकेट संघ. जिमखाना 1894 मध्ये स्थापन झाला. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना, पारशांचा, मुसलमानांचा आणि मग हिंदूंचा, अशी मुंबईच्या मैदानांची धर्मवार वाटणी झाली होती. या संघाच्या दिनविशेषातला पहिला मानाचा क्षण म्हणजे फेब्रुवारी 1906. हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. देशभर आनंद झाला. त्या विजयात मोठा वाटा होता बाळू पालवणकर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा. बाळू चर्मकार समाजाचे.

आता जे दिनविशेषात चढत नाही ते पाहू. बाळूंच्या आयुष्याची सुरुवात पुण्यात मैदानावरच्या मजुरीने झाली. आधी पारशांच्या क्लबात, पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात. खेळपट्टी झाडायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा गोरा फलंदाज बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. तासन्‌तास गोलंदाजी करून घेतली, पण फलंदाजीची संधी साहेबांनी दिली नाही. पुढे पुण्यातल्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवण्यासाठी या माणसाला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र तो मंडपाबाहेर आणि त्याच्यासाठी मातीचे वेगळे भांडे. जेवणालाही वेगळे पान. चेंडू चामड्याचा असतो आणि चामडे कमावणारे हात कोणाचे, हे सर्वांना ठाऊक होते. त्या चेंडूचा विटाळ झाला नाही, कपाचा झाला! अस्पृश्यता ही अज्ञानातून आली असे म्हणणाऱ्यांनी या हिशेबाकडे पाहावे. जिथे गरज होती तिथे विटाळ बाजूला ठेवता येत होता. तो कुठे पाळायचा आणि कुठे नाही, हे सोयीने ठरत होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. एवढ्या कर्तबगारीनंतर हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे यायला हवे होते. ते आले नाही. 1913 मध्ये कर्णधार झालेल्या पै यांनीच जाहीरपणे सांगितले की, हा मान ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता. 1920 मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले गेले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे होणारा अन्याय जाहीर निवेदनात मांडला. क्रिकेटच्या मैदानावरचा हा बहिष्कार महाडच्या सात वर्षे आधीचा आहे. त्यानंतर समेट झाला. बाळूंना उपकर्णधारपद मिळाले, कर्णधारपद कधीच नाही. 1923 साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. विठ्ठलना लोकांनी खांद्यावर घेतले. तो विजय दिनविशेषात शोभतो. पण 1920 चा नकार नसता तर 1923 आले असते काय?

इथे आपल्या चळवळीच्याही एका अवघड पानाशी यावे लागते. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. परंतु 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते आणि त्या काळात ते गांधीजींच्या बाजूला उभे राहिले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. चर्मकाराला महाराच्या समोर उभे करण्याचा हा डाव कोणाचा होता, हे कळायला इतिहासाची पदवी लागत नाही. त्या निवडणुकीमुळे आपल्या अनेकांनी बाळूंचे नाव टाकून दिले. ज्या संघासाठी त्यांनी घाम गाळला, त्या संघाच्या लोकांनी त्यांना फक्त बळींच्या आकड्यांत ठेवले. दोन्हींकडून माणूस हरवला. 1937 चा विरोध विसरू नये, पण 1920 चे बंडही विसरू नये. माणूस पूर्ण मांडणे हीच आपली इतिहासाची रीत असली पाहिजे. सोयीचा तुकडा उचलणे ही व्यवस्थेची रीत आहे.

बाळूंची जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन मिळते. कुठे जुलै 1875, कुठे 19 मार्च 1876. हे काही नवल नाही. आमच्या वर्गांतल्या कितीतरी मुलांच्या वडिलांचा जन्म दाखल्यावर 1 जूनचाच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी लिहून टाकलेली ती तारीख. ज्यांचा जन्मदिवसच दुसऱ्याच्या सोयीने ठरला, त्यांचा दिनविशेष कोण ठेवणार? मृत्यूची तारीख मात्र पक्की आहे : 4 जुलै 1955.

विठ्ठल पालवणकरांनी 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' लिहून ठेवले म्हणून यातले पुष्कळ हाती लागले. लिहिले नसते तर शिल्लक राहिला असता तो फक्त धावफलक. कंधार-लोहा परिसरात गावोगाव क्रिकेटचे सामने होतात, बक्षिसे लागतात, फलक झळकतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो की, निकाल लिहा, आणि त्याखाली आणखी तीन ओळी लिहा. संघाचा कर्णधार कोण झाला आणि का? मैदान कोणी साफ केले? सामना संपल्यावर पाणी कोण कोणाच्या घरी प्याले? तारीख घालून लिहा, नावानिशी लिहा. पन्नास वर्षांनी कोणाला तरी त्याच ओळी लागणार आहेत.