घोड्याला मसाज? आपल्याकडचा ‘खरारा’ आणि त्यामागचं विज्ञान

वरात निघते. पुढे डीजे, मागे वऱ्हाडी आणि मध्ये नवरदेवाला पाठीवर घेऊन दोन-दोन तास एकेक पाऊल टाकणारी घोडी. जालना जिल्ह्यातल्या हसनाबादपासून थेट मुंबईपर्यंत हे चित्र सारखंच. वरात लागली की वऱ्हाड जेवायला बसतं. घोडीचा मालक मात्र आधी तंग सैल करतो, खोगीर उतरवतो आणि तिची पाठ चोळायला लागतो.

परदेशात याच कामाला ‘इक्वाइन मसाज थेरपी’ म्हणतात. तिचे कोर्स असतात, फी असते आणि ओठ लोंबवून डुलक्या घेणाऱ्या घोड्यांच्या रील्सना लाखो व्ह्यूज मिळतात. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे खरारा.

खरारा म्हणजे दातेरी ब्रशने किंवा काथ्याच्या कुंचल्याने घोड्याचं अंग घासणं. धूळ, घाम आणि सुटलेले केस निघतात, रक्ताभिसरणही वाढतं. दाणा-वैरण, पाणी आणि खरारा ही पागेतली रोजची कामं. शिवकाळातल्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे घोड्याची निगा ही कुणाची हौस नव्हती, लष्कराच्या हिशेबातली बाब होती. मालिश खराऱ्याच्या एक पायरी पुढे जाते. खरारा कातडीपुरता असतो, मालिशमध्ये हात खालच्या स्नायूंपर्यंत पोचतो.

घोड्याला त्याची गरज का पडते? त्याच्या शरीराची रचना बघा. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला कुठल्याही हाडाच्या सांध्याने जोडलेले नसतात, ते फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. त्यातही उभ्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन याच पुढच्या पायांवर असतं. वर माणूस बसला की पाठीचे लांब स्नायूही ताणले जातात. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा नांदेडजवळच्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा जाणते खरेदीदार दातांसोबत पाठीवरही हात फिरवून बघतात, ते यासाठीच. माथेरानसारख्या वाहनबंदीच्या ठिकाणी तर चढ-उतारावर दिवसभर ओझं घोड्यांच्याच पाठीवर असतं.

विज्ञान काय म्हणतं?

कळपातले दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान दातांनी खाजवताना दिसतात. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याजवळची ही त्यांची आवडती जागा. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी घोड्यांना नेमकं तिथेच हाताने खाजवून पाहिलं, तर त्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाले. इतर जागी तसा परिणाम दिसला नाही. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात मालिशनेही ठोके कमी झाल्याचं आढळलं. घोडा शांत होतो, हा फायदा बऱ्यापैकी पक्का म्हणता येईल. (निरोगी घोड्याचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात.)

स्नायूंचं काय? २०१० च्या एका अभ्यासात मांडीच्या मागच्या स्नायूंना मालिश केल्यावर घोड्याचा मागचा पाय आधीपेक्षा जास्त पुढे जाऊ लागला, पण चालताना पावलाची लांबी काही वाढली नाही. हे अभ्यास मोजक्या घोड्यांवरचे आहेत, तेव्हा ‘मालिशने घोडा शर्यत जिंकतो’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्यावं. ‘मालिशने शरीरातलं विष बाहेर पडतं’ हा दावाही तसाच. पळाल्यावर साठलेलं लॅक्टिक आम्ल शरीर स्वतःच निचरा करून टाकतं, विशेषतः घोड्याला लगेच न बांधता थोडा वेळ हळू चालवलं तर.

मालिशचा खरा फायदा अनेकदा वेगळाच असतो. रोज तोच हात तीच पाठ चाचपतो, तेव्हा कालपर्यंत नसलेली गाठ, गरम लागणारी जागा, खोगिराखालचा ओला फोड लगेच कळतो. घोडा बोलत नाही, पण कान मागे पाडतो, शेपटी झटकतो, हाताखालून पाठ खाली दाबून घेतो. एकाच जागी रोज असं होत असेल, तर चूक बहुधा खोगिराची असते. तिथे कितीही चोळलं तरी खोगीर बदलल्याशिवाय उपयोग नाही.

करायची कशी?

घोडा गार झाल्यावर, त्याचा घाम पुसून. आधी खरारा, मग उघड्या तळहाताने मानेपासून सुरुवात करून खांदा, पाठ आणि पुठ्ठा, केसांच्या दिशेने. माणसाचा भार तळहातावर येऊ द्यायचा, बोटं रुतवायची नाहीत. थेट पाठीच्या कण्यावर दाब द्यायचा नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर द्यायचा. गुडघ्याखाली मालिश करून फारसं काही साधत नाही, कारण तिथे मांस जवळपास नसतंच, असतात त्या नुसत्या शिरा-कंडरा. घोड्याने मान खाली सोडली, डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ सैल पडला की समजायचं, बरोबर चाललंय. तेल मात्र जपून. मराठवाड्यातल्या धुळीत तेलकट पाठीवर माती बसते आणि वरून खोगीर आलं की तीच माती कातडी सोलते.

हात लावू नये अशा वेळा

ताप, उघडी जखम, ताजी सूज असेल तर मालिश नको. गजकर्ण असेल तर नकोच, आणि त्या घोड्याचा ब्रश दुसऱ्याला वापरायचा नाही. जमिनीवर लोळणारा, पोटाकडे वळून बघणारा घोडा पोटशूळाने हैराण झालेला असू शकतो, पोट चोळत बसण्यात त्याचा वेळ जातो.

सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण म्हणजे ताठरपणा. काही दिवस नुसता दाणा खाऊन बांधून राहिलेला घोडा अचानक कामाला काढला की कधीकधी त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे कडक होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. यात स्नायू आतून फुटत असतात, चोळल्याने किंवा चालवल्याने नुकसान वाढतं. दुसरी शक्यता धनुर्वाताची. प्राण्यांमध्ये धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, त्यासाठी खुरातला एखादा खिळा पुरतो. पाय लाकडासारखे ताठ, शेपटी वर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा पुढे आलेला. अशा घोड्याला स्पर्श आणि आवाजानेही झटके येतात. त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवून लगेच पशुवैद्यकाला बोलवायचं. त्यासाठी टोल फ्री क्रमांक १९६२ आहे, आणि मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धनुर्वाताची लसही मिळते. लग्नसराई सुरू होण्याआधी ती टोचून घेतलेली बरी.