लठ्ठ कुत्र्यांसाठी अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट : काम कसं करतं आणि कुठे करत नाही?

पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात आज अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, पावडर आणि च्यूज मिळतात. ग्रीन टीचा अर्क, हळदीतलं करक्युमिन, व्हिटॅमिन ई, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड अशी नावं पाकिटावर असतात आणि खाली 'मेटाबॉलिझमला सपोर्ट' असं लिहिलेलं असतं. घरातला लॅब्रॅडॉर किंवा पग जाड झाला असेल तर महिन्याला हजार-दीड हजार रुपये त्यावर घालवावेत का? या लेखात आधी त्यामागचं विज्ञान बघू, मग पुरावा बघू आणि शेवटी नेमकं काय करायचं तेही बघू.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर : काही अँटिऑक्सिडंटमुळे रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे थोडे सुधारू शकतात. पण कुत्र्याचं आयुष्य आणि चालणं-फिरणं सुधारल्याचा भक्कम पुरावा वजन कमी ठेवण्याच्या बाजूने आहे, बाटलीच्या बाजूने नाही.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?

पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे भाग अन्नापासून ऊर्जा तयार करतात. या कामात ऑक्सिजनचे काही अतिशय क्रियाशील रेणू बाहेर पडतात. ते आजूबाजूच्या चरबीला, प्रथिनांना आणि डीएनएला धक्का लावू शकतात. त्यांना आवर घालण्यासाठी शरीराकडे स्वतःची यंत्रणा असते : कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारखी एन्झाइम्स आणि व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी यांसारखे रेणू. उत्पादन जास्त आणि आवर कमी अशी स्थिती झाली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. माणसाला व्हिटॅमिन सी अन्नातून घ्यावंच लागतं, पण कुत्र्याचं यकृत ते स्वतः तयार करतं. त्यामुळे माणसांसाठीचा सल्ला कुत्र्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

लठ्ठपणाशी याचा संबंध काय?

चरबी म्हणजे नुसतं साठवणुकीचं गोदाम नाही. चरबीच्या पेशी हॉर्मोन्ससारखे संदेश सोडत असतात. त्या फुगत गेल्या की तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात आणि अंगात सौम्य पण कायमची सूज राहते. ही सूज आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस एकमेकांना वाढवत राहतात. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला नीट प्रतिसाद देईनासे होतात. यालाच इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

इथेही माणूस आणि कुत्रा यांच्यात फरक आहे. जाड कुत्र्यांमध्ये इन्शुलिन रेझिस्टन्स येतो, पण माणसांसारखा टाइप 2 डायबिटीस सहसा होत नाही. कुत्र्यांचा डायबिटीस बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी निकामी झाल्यामुळे होतो. म्हणून 'शुगर नॉर्मल आहे, म्हणजे सगळं ठीक' असं समजू नका. जाड कुत्र्याचं नुकसान सांधे, श्वास आणि आयुष्यमान यांत दिसतं.

सप्लिमेंटच्या बाजूचा पुरावा

पुरावा अजिबात नाही, असं नाही. लठ्ठ कुत्र्यांना 12 आठवडे ग्रीन टीचा अर्क देऊन केलेला एक छोटा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलेला दिसला. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगांत अँटिऑक्सिडंटयुक्त आहार आणि सोबत खेळ-व्यायाम दिल्यावर शिकण्याची क्षमता जास्त टिकून राहिली.

पण या निकालांची मर्यादा लक्षात घ्या. ग्रीन टीच्या अभ्यासात कुत्रे कमी होते, काळ कमी होता आणि मोजली गेली ती मुख्यतः प्रयोगशाळेतली मापं. आपण सॉफ्टवेअरमध्ये म्हणतो तसं, डॅशबोर्डवरचा आकडा हिरवा झाला म्हणजे सर्व्हर दुरुस्त झाला असं नाही. कुत्रा जास्त जगला का, कमी लंगडला का, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत.

माणसांवरच्या मोठ्या प्रयोगांनी तर सावध केलं आहे. फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगात बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त आढळला (1994). 2009 साली जर्मनीतल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांना व्यायामासोबत व्हिटॅमिन सी आणि ई दिलं, तेव्हा व्यायामामुळे इन्शुलिनच्या कामात होणारी सुधारणाच अडली. कारण ते क्रियाशील रेणू फक्त कचरा नसतात. 'ताण आला आहे, स्वतःला मजबूत कर' असा संदेशही ते पेशीला देतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हाच निकाल आला नाही आणि कुत्रा म्हणजे माणूस नव्हे. तरीही 'अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं' हे गृहीतक चुकीचं आहे, एवढं यावरून नक्की कळतं.

वजनाच्या बाजूचा पुरावा

इथे चित्र बरंच स्पष्ट आहे. अमेरिकेत प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. 2002 साली निकाल प्रसिद्ध झाला : कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, तर दुसऱ्या गटाचं 11.2 वर्षं. जवळपास दोन वर्षांचा फरक, तोही कुठल्याही गोळीशिवाय. सांधेदुखीची लक्षणंही कमी खाणाऱ्यांमध्ये उशिरा आली. प्रयोग पशुखाद्य बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि निष्कर्ष 'कमी खायला घाला' असा निघाला, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

आधीच जाड असलेल्या कुत्र्यांचं काय? इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या अभ्यासात वजन उतरल्यावर इन्शुलिन रेझिस्टन्स आणि रक्तातले सुजेचे निर्देशक दोन्ही कमी झाले. म्हणजे सप्लिमेंट ज्या आकड्यांचं आश्वासन देतं, ते मूळ कारण हटवल्यावर सुधारतात. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात सांधेदुखी असलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन सुमारे 6 टक्के उतरताच लंगडणं कमी झालं. 35 किलोच्या कुत्र्यासाठी हे जेमतेम 2 किलो होतात.

सप्लिमेंटमुळे धोका कुठे आहे?

- माणसांच्या गोळ्या आणि गमीज : त्यात झायलिटॉल ही साखरेची पर्यायी गोडी असू शकते. कुत्र्याच्या रक्तातली साखर ती झपाट्याने पाडते, यकृतही निकामी करू शकते. मल्टिव्हिटॅमिनमधलं व्हिटॅमिन डी आणि लोहही जास्त झालं तर विषारी ठरतं.
- ग्रीन टीचा तीव्र अर्क : उपाशीपोटी मोठा डोस दिलेल्या कुत्र्यांवरचा एक विषारीपणा-चाचणीचा प्रयोग कुत्रे दगावल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता.
- अल्फा लिपोइक अ‍ॅसिड : डोस जास्त झाला तर साखर घसरते आणि यकृताला इजा होते. घरात मांजर असेल तर दुप्पट काळजी घ्या. मांजराला ते खूपच कमी डोसमध्ये बाधतं.
- 'नैसर्गिक' पदार्थ : कांद्यात क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट भरपूर असतं. पण कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचं ऑक्सिडेशन करून त्या फोडतात. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. आपल्यासाठी हेल्दी असलेलं कुत्र्यासाठी घातक असू शकतं.

मग करायचं काय?

1. आधी तपासा. मूठ वळा आणि बोटांच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा टोकदार लागत असतील तर कुत्रा हडकुळा आहे. हात सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवर जसं लागतं तशा लागत असतील तर योग्य. तळहातासारखं मऊ लागत असेल आणि हाडं शोधावी लागत असतील तर वजन जास्त आहे. थायरॉइड किंवा कुशिंग्जसारखा आजार नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

2. हिशोब करा. योग्य वजन किलोत घ्या, त्याचा घन करा, कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि 70 ने गुणा. 36 किलोच्या लॅब्रॅडॉरचं योग्य वजन 30 किलो असेल, तर उत्तर सुमारे 897 येतं. दिवसाला साधारण इतक्या किलोकॅलरीपासून सुरुवात करतात. पाकिटावर याच एककाला नुसतं 'कॅलरी' म्हटलेलं असतं. पुढे वजन बघून डॉक्टर आकडा बदलतात.

3. मोजून घाला. वाटी किंवा कप नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. वरचा खाऊ एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांत बसवा, म्हणजे या कुत्र्यासाठी सुमारे 90. एका मध्यम पोळीत साधारण 100 असतात! आजोबांनी चहासोबत दिलेली दोन बिस्किटंही यात मोजायची. नेहमीचंच खाणं खूप कमी केलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून वजन कमी करण्यासाठीचा खास आहार लागतो का ते विचारा.

4. दर आठवड्याला नोंद ठेवा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा; उचलणं जमत नसेल तर दवाखान्यातला काटा वापरा. आठवड्याला 1 ते 2 टक्के घट हा चांगला वेग आहे. वरच्या उदाहरणात 6 किलो उतरायला साधारण दोन ते चार महिने लागतील.

यात घरच्यांना दोष देण्यासारखं काही नाही. 2016 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचा ओढा खाण्याकडे जास्त असतो. म्हणजे त्याची भूक खरी असते. म्हणूनच 'पोट भरलं की थांबेल' यावर न विसंबता काटा वापरावा लागतो.

सप्लिमेंट कधी घ्यावं?

डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी, ठरावीक डोसमध्ये सांगितलं तर जरूर द्या. उदाहरणार्थ, फिश ऑइल जास्त प्रमाणात सुरू असेल तर व्हिटॅमिन ई ची गरज वाढते. एरवी 'संपूर्ण आणि संतुलित' असं लिहिलेल्या चांगल्या खाद्यात ते आधीच घातलेलं असतं. नवीन बाटली घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : चाचणी कुत्र्यांवर झाली का? कोणत्या डोसवर? आणि मोजलं काय, रक्तातला आकडा की कुत्र्याचं जगणं? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर ते पैसे आधी डिजिटल काट्यावर खर्च करा.