घोड्याच्या रक्तापासून पेशीच्या टाकीपर्यंत

आमच्या चांदूर बाजारात चाळिशी उलटलेल्या कुणालाही विचारा, "कुत्रं चावलं तर काय?" तो पोटावर हात ठेवून म्हणेल, "चौदा इंजेक्शनं!" ही लस मेंढीच्या मेंदूपासून करीत. डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीला १९११ साली ती सिद्ध केली. २००५ च्या सुमारास ती भारतातून गेली.

पण लस, जुनी काय किंवा नवी काय, शरीराला दिलेला धडाच. तो गिरवून शरीराने प्रतिपिंडे तयार करायची, तर आठवडा-पंधरवडा हवा. खोल जखमेतला विषाणू तोवर थांबतो थोडाच? म्हणून तयार प्रतिपिंडे जखमेतच टोचावी लागतात. ती यायची रक्तातून. घोड्याची काहींना सोसत नसत. माणसाची महाग आणि दुर्मिळ.

मग रक्ताला वगळून पेशींकडूनच प्रतिपिंडे करून घेतली तर? केंब्रिजला १९७५ साली कोलर आणि मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड करणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा संकर केला. एकच प्रतिपिंड अखंड देणारी पेशी हाती आली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता पेशी पाळायची म्हणजे तिला खाऊ घालणं आलं. ते काम अमेरिकेत हॅरी ईगल यांनी आधीच केलं होतं. एकेक पदार्थ वगळून त्यांनी १९५५ पर्यंत पेशीचा शिधा ठरवला: तेरा अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार आणि ग्लुकोज. गंमत पुढेच आहे. ग्लुकोज भरपूर दिलं की पेशी अधाशासारखी ओढते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. ग्लुटामिनमधून अमोनिया साचतो. मग ती आपल्याच उकिरड्यात गुदमरते. आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. बैलापुढे एकदम ढेप टाकली, तर ताकद येत नाही, पोट फुगतं! म्हणून टाकीतल्या पेशीलाही बेताबेतानं वाढतात.

याच वाटेनं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेबरोबर रेबीजचं प्रतिपिंड तयार केलं. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी ते करतात. २०१७ साली ते भारतात वापरात आलं.

तेव्हा कुत्रं चावलं, तर जखमेवर मिरची-चुना लावू नका. साबणानं, वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. त्या भीतीपायी घरी बसणं मात्र अजून जीव घेतं.